टाइनम, १९४३ : परत येण्याच्या बोलीवर सोडलेलं गाव

अहिल्यानगर जिल्ह्यात के. के. रेंज हे लष्कराचं सराव क्षेत्र आहे. तिथे रणगाड्यांच्या तोफांचा सराव चालतो आणि राहुरी, पारनेर, नगर तालुक्यांतल्या आसपासच्या गावांच्या डोक्यावर भूसंपादनाची टांगती तलवार वर्षानुवर्षं आहे. विस्थापितांच्या कामात असल्यामुळे मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो: "ताई, सरकारनं एकदा जमीन घेतली, तर ती परत मिळते का?" अशा वेळी मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहानशा खेड्याची हकिगत सांगते. तिथलं कारणही रणगाडे हेच होतं. गावकऱ्यांनी विरोध केला नाही. लढाई संपली की आपण परत येणार, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. आज ऐंशीहून अधिक वर्षं झाली.

हे प्रकरण नीट मांडावं असं बरेच दिवस मनात होतं. गावकऱ्यांपैकी कोणाचंही नाव इथे घेतलेलं नाही. ज्यांची नावं आली आहेत, ती सार्वजनिक नोंदीतली आहेत.

पार्श्वभूमी

डॉर्सेट परगण्यात पर्बेक नावाचा भूभाग आहे. त्याला बेट म्हणतात, पण तो जमिनीला जोडलेलाच आहे. उत्तरेला खडूच्या डोंगराची धार, दक्षिणेला समुद्रावरचे कडे आणि या दोहोंच्या मधल्या हिरव्या खोऱ्यात टाइनम. १०८६ सालच्या 'डूम्सडे' या जमिनींच्या सरकारी नोंदवहीत हे गाव सापडतं. नावाचा अर्थ साधारण 'शेळ्यांचं कुंपण' असा लावतात. म्हणजे जनावरं चारणाऱ्यांची ही जुनी वस्ती. गावातलं सेंट मेरी चर्च तेराव्या शतकातलं आहे.

१६८३ पासून गावाची जमीन बाँड घराण्याकडे होती. शेतं, घरं, विहिरी, कुरणं, सगळं एका मालकाचं आणि त्यावर राहणारी जवळपास सगळी माणसं कुळं किंवा मजूर. आपल्याकडची कुळवहिवाट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रचना चटकन समजेल. पिढ्यानपिढ्या एकाच घरात जन्म, लग्न, मरण व्हायचं, पण घराचा कागद मात्र वाड्यावर असायचा. बाँड मंडळी वाईट जमीनदार नव्हती. गावातली शाळा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याच घराण्यातल्या एका धर्मगुरूने बांधली. गावकऱ्यांच्या आठवणींत वाड्याबद्दल आपलेपणाही आहे. पण मालकी एका ठिकाणी आणि आयुष्य दुसऱ्या ठिकाणी, ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. पुढचं सगळं तिच्यावरच फिरतं.

रोजचं जगणं कष्टाचं होतं. गावात वीज कधीच आली नाही आणि घरात नळाचं पाणी आलं नाही. दुभती जनावरं, मेंढ्या, थोडं धान्य. परसात बटाटे, कोबी, कांदे, वाटाणे. पोस्ट ऑफिस हेच गावचं दुकान आणि बातम्यांचं ठिकाण. १९२९ मध्ये त्याच्या दाराशी टेलिफोनची एक पांढुरकी काँक्रीटची खोली उभी राहिली. बाहेरच्या जगाशी जोडणारी गावातली ती सर्वांत नवी वस्तू.

वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीवर वॉरबॅरोचा किनारा. तिथे कोळ्यांची मोजकी घरं होती. त्यांच्या मासेमारीचं वर्णन पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला मालवण-वेंगुर्ल्याची आठवण झाली. कड्यावर एक माणूस टेहळणीला बसायचा. पाण्यावर बांगड्यांचा थवा दिसला की तो हाळी द्यायचा. मग होडी जाळं घेऊन अर्धवर्तुळ घालायची आणि किनाऱ्यावरची माणसं दोन्ही टोकं धरून जाळं ओढायची. आपली रापणच ही. शेतावरची माणसंही हाताला हात लावायला येत आणि जाताना मासळी घरी नेत.

पण गाव १९४३ पूर्वीच आकसू लागलं होतं, हेही सांगायला हवं. इंग्लंडची खेडी तेव्हा सगळीकडेच रिकामी होत होती. शेतीतली मजुरी थोडी, शहरात आणि जवळच्या लष्करी छावण्यांत काम जास्त. पटावर मुलं उरली नाहीत म्हणून १९३२ मध्ये शाळा बंद पडली आणि उरलेली मुलं कॉर्फ कॅसलच्या शाळेत जाऊ लागली. काही लोक म्हणतात की गाव तसंही संपणारच होतं. मला हा युक्तिवाद पटत नाही. आकसणारं गाव आणि रिकामं केलेलं गाव यांत फार मोठा फरक आहे. आकसणाऱ्या गावात कोणीतरी दिवा लावायला असतं.

शेजार मात्र सुरुवातीपासून धोक्याचा होता. पहिल्या महायुद्धात, १९१६ पासून, जवळच्या बॉविंग्टनला रणगाड्यांचं प्रशिक्षण सुरू झालं आणि लगेच पश्चिमेला लुलवर्थच्या माळावर तोफांचा सराव. टाइनमच्या मुलांनी बालपणापासून तो आवाज ऐकलेला होता.

प्रश्न

१९४३ च्या अखेरीस युरोपात उतरण्याची तयारी चालली होती. नव्या रणगाड्यांच्या तोफा लांब पल्ल्याच्या होत्या आणि लुलवर्थची जागा त्यांना अपुरी पडू लागली. गोळा चुकला तर पडणार कुठे, याचा हिशेब करून लष्कराने पूर्वेकडची सुमारे ७,५०० एकर जमीन मागितली. त्यात टाइनमचं खोरं, वॉरबॅरोची घरं आणि डोंगराच्या उत्तरेकडच्या माळावरच्या वाड्यावस्त्या आल्या.

१६ नोव्हेंबर १९४३ तारखेचं पत्र घरोघरी गेलं. १९ डिसेंबरपर्यंत घर सोडा. मध्ये तेहतीस दिवस. पत्राची भाषा सौम्य होती. हा त्याग लहान नाही याची सरकारला जाणीव आहे, पण युद्ध जिंकण्यासाठी ही मदतही तुम्ही मोकळ्या मनाने कराल अशी खात्री आहे, असा त्याचा सूर. ज्यांना जागा मिळणार नाही त्यांना सरकार मदत करेल, असंही त्यात होतं.

एकूण २२५ माणसांना निघायचं होतं, तेही ख्रिसमसच्या तोंडावर. जनावरं विकायची, चारा विकायचा, अवजारं हलवायची आणि परसातली भाजी जमिनीतच राहू द्यायची. म्हाताऱ्या माणसांपैकी काहींनी आयुष्यात दुसऱ्या गावी रात्रही काढलेली नव्हती.

कोणासमोर कोणते पर्याय होते

इथे मी थोडी थांबते, कारण या प्रकरणातल्या बहुतेक हकिगती इथून थेट रिकाम्या घरांकडे उडी मारतात.

लष्करासमोरची निकड खरी होती. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जी पोरं उतरली, त्यांना रणगाडा चालवता आणि तोफ डागता येणं हा त्यांच्या जिवाचा प्रश्न होता. सराव क्षेत्र वाढवण्याच्या निर्णयाला मी चूक म्हणणार नाही. जागा कोणत्या अटींवर घेतली, हा मात्र वेगळा विषय आहे.

युद्धकाळातल्या संरक्षण नियमांखाली सरकार जमिनीचा ताबा घेत असे. मालकी मूळ मालकाकडेच राहायची, ताबा तात्पुरता. म्हणजे कागदावर टाइनम डिसेंबर १९४३ मध्ये सरकारचं झालेलंच नव्हतं. गावकऱ्यांचा 'परत येऊ' हा विश्वास भाबडा नव्हता, त्याला कायद्याचा आधार होता.

पण तो आधार कोणासाठी होता? ताबा उठला की जमीन बाँड घराण्याकडे जाणार. कुळाला त्याच घरात पुन्हा प्रवेश मिळेल, ही गोष्ट कुठल्याच कायद्याने बांधलेली नव्हती. गावकऱ्यांपुढे तीन वाटा होत्या असं मला दिसतं. नकार द्यायचा, पण युद्धाच्या ऐन भरात, अनेक घरांतली मुलं सैन्यात असताना, तो कोणाच्या तोंडून निघणार? मुकाट्याने जायचं. किंवा जाण्याआधी सगळ्यांनी मिळून एक कागद मागायचा: युद्ध संपल्यावर अमुक महिन्यांत, अमुक घर, अमुक कुटुंबाला. या तिसऱ्या वाटेने गाव गेलं नाही. त्यांना मी दोष देत नाही. तेहतीस दिवसांत माणूस गाई विकेल, भाड्याची खोली शोधेल, की कलमं लिहून घेईल?

जमीनदाराची अडचण निराळी होती. वाडा आधीच युद्धाच्या कामासाठी गेलेला होता आणि घरची मंडळी लहान घरात राहत होती. आता तेही सोडायचं. त्यांच्याकडे वकील होते, ओळखी होत्या, पत्रव्यवहाराची सवय होती. पण सरकारशी त्यांचं बोलणं होणार ते इस्टेटीबद्दल. प्रत्येक कुळाच्या चुलीबद्दल बोलणारं माणूस त्या टेबलावर नव्हतं.

काय केलं गेलं

गाव गेलं. तारखेच्या आत, तक्रार न करता. जाताना चर्चच्या दारावर एक चिठ्ठी लावली गेली. तिचा आशय असा: चर्च आणि घरं कृपा करून जपा. माणसांचं स्वातंत्र्य टिकवणारं युद्ध जिंकायला मदत व्हावी म्हणून आम्ही आमची घरं सोडली आहेत, ज्यात आमच्यातले अनेक जण पिढ्यानपिढ्या राहिले. आम्ही एक दिवस परत येऊ. गावाला जपल्याबद्दल आभार.

ही चिठ्ठी मी बैठकीत वाचून दाखवते, तेव्हा खोली गप्प होते. विस्थापनाचा अनुभव असलेल्या बायका सगळ्यांत आधी 'जपा' या शब्दापाशी अडतात. घर सोडताना आपणही चूल सारवून, उंबऱ्याला हळदकुंकू लावून निघालो होतो, असं त्या सांगतात.

मोबदल्याच्या बाबतीत कुळांच्या पदरात फारसं काही आलं नाही. घर त्यांचं नव्हतं, त्यामुळे घराची किंमत त्यांना मिळणार नव्हती. परसात उभ्या असलेल्या भाजीपाल्याचे पैसे तेवढे मिळाले, ही आठवण माजी रहिवाशांच्या सांगण्यात पुन्हा पुन्हा येते. माणसं वेअरहॅम आणि आसपासच्या गावांत विखुरली. नातेवाइकांकडे, भाड्याच्या खोल्यांत, दुसऱ्या कुणाच्या शेतावर.

आणि इथे, माझ्या मते, पहिली निसटलेली संधी आहे. विखुरलेल्या २२५ माणसांची घरनिहाय यादी, त्यांचे नवे पत्ते आणि त्यांच्या वतीने बोलणारे दोन-चार जण, एवढं जरी गावाने जाताना ठरवलं असतं, तरी पाच वर्षांनी चित्र वेगळं दिसलं असतं. गाव म्हणजे घरं असं आपण धरतो. घरं गेली की गावाचा आवाजही जातो, कारण तो एका जागी जमत नाही.

१९४८ : गाव खरं तेव्हा गेलं

जून १९४४ मध्ये फौजा फ्रान्सला उतरल्या. मे १९४५ मध्ये युरोपातलं युद्ध संपलं. टाइनमचा ताबा उठला नाही.

तोवर घरांवर गोळ्यांचे घाव बसले होते. पण १९४५ मध्ये ती दुरुस्त करण्यापलीकडे गेली होती असं नाही. अडचण दुसरीच होती. रशियाशी तणाव वाढत होता, लष्कराला शांततेच्या काळातही मोठी सराव क्षेत्रं हवी होती आणि हाताशी असलेली जागा सोडायला कोणीच तयार नव्हतं. १९४७ च्या अखेरीस सरकारने लष्कराच्या जमिनीच्या गरजांबद्दल श्वेतपत्रिका काढली. १९४८ मध्ये चौकशी झाली आणि टाइनमची जमीन सक्तीच्या खरेदीने कायमची घेतली गेली. तात्पुरत्या ताब्याची मालकी झाली.

या क्षणी सरकारपुढे काय काय शक्य होतं? खोरं दुरुस्त करून परत देणं. किंवा डोंगराच्या उत्तरेकडचा माळ लष्कराकडे ठेवून दक्षिणेकडचं खोरं आणि किनारा सोडणं. किंवा सगळंच ठेवणं. गोळ्यांच्या पल्ल्याचा विचार केला, तर मधला मार्ग सोपा नव्हता, कारण डोंगरावरच्या लक्ष्याला चुकलेला गोळा खोऱ्यातच पडणार. तरीही वर्षातला किती काळ, कोणत्या दिशेने आणि कोणत्या तोफा, यावर बोलणी होऊ शकली असती. निर्णय सगळंच ठेवण्याचा झाला.

मोबदला अर्थात मालकाला मिळाला. कुळांना बदली घरं देण्यात आली. वेअरहॅमजवळ सँडफर्डला सरकारी घरं होती, त्यांत वीज होती, नळ होता, न्हाणीघर होतं. काही माणसं तिथे सुखाने राहिली, विशेषतः ज्या बायकांनी जन्मभर पाणी वाहिलं होतं त्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे. विस्थापितांची बाजू मांडताना जुन्या गावातल्या हालअपेष्टांवर पांघरूण घालण्याची चूक आपल्याकडेही होते. नळ हवाच होता. पण तो टाइनमला मिळाला असता, तर त्या बायकांनी कोणतं घर निवडलं असतं, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

डिसेंबर १९४३ मधली दुसरी दोन प्रकरणं

टाइनम एकटं नव्हतं. डिसेंबर १९४३ मध्येच विल्टशरमधलं इंबर गाव असंच रिकामं झालं. तिथली जवळजवळ सगळी जमीन युद्ध खात्याने आधीच विकत घेऊन ठेवली होती, त्यामुळे परतीचा प्रश्न कायद्याने उभाच राहिला नाही. इंबरही आजपर्यंत ओस आहे.

पण डेव्हनच्या किनाऱ्यावर, स्लॅप्टनच्या आसपास, त्याच डिसेंबरात सुमारे ३,००० माणसांना ३०,००० एकरांवरून हलवलं गेलं. अमेरिकन फौजांना नॉर्मंडीच्या किनाऱ्यासारखा किनारा सरावाला हवा होता. गोळीबारही खराखुरा झाला, नुकसानही झालं. आणि १९४४ च्या शरद ऋतूपासून ती माणसं आपल्या घरी परतू लागली.

फरक कशाने पडला, याचं माझं उत्तर असं आहे. स्लॅप्टनचा सराव एका ठरावीक मोहिमेसाठी होता. ती पार पडली आणि जागेचं काम संपलं. तिथे कायमची छावणी नव्हती, शेजारी तोफांची शाळा नव्हती. उलट तीन हजार माणसं, अनेक गावं, शेकडो कुटुंबं आणि मालकही अनेक. त्यांना कायमचं बाहेर ठेवणं कोणत्याही सरकारला जड गेलं असतं. टाइनमच्या शेजारी लुलवर्थ होतं, माणसं थोडी होती आणि मालक एक. विस्थापित गाव परत येईल की नाही याचा अंदाज घ्यायचा असेल, तर मी आता आधी दोन गोष्टी पाहते: घेणाऱ्याला त्या जागेची गरज कधी संपणार, आणि शेजारी त्याचं कायमचं ठाण आहे का.

परिणाम

पुढची वीस वर्षं दरवाजे बंदच होते. छपरं कोसळली, भिंतींत झाडं उगवली. सोळाव्या शतकातला वाडा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बराचसा पाडण्यात आला.

१९६८ मध्ये रॉडनी लेग या तरुण पत्रकाराच्या पुढाकाराने टाइनम कृती समिती उभी राहिली. म्हणजे गाव जाऊन पंचवीस वर्षं झाल्यावर पहिली संघटित चळवळ. त्यानंतर लॉर्ड न्यूजंट यांच्या अध्यक्षतेखाली संरक्षण जमिनींची समिती नेमली गेली. १९७३ च्या तिच्या अहवालात लुलवर्थचं सराव क्षेत्र मोकळं करावं अशी शिफारस होती. सरकारी समितीने गावकऱ्यांचं म्हणणं मान्य केलं होतं! पण १९७४ मध्ये सरकारने ती शिफारस स्वीकारली नाही. लोकांना येण्याजाण्याची जास्त मुभा देऊ, एवढं आश्वासन मिळालं आणि १९७५ पासून चालण्याच्या वाटा खुल्या झाल्या.

त्या वर्षी, १९७४ मध्ये, गावात जन्मलेल्या एका माजी सैनिकाने पंतप्रधानांना पत्र लिहिलं. टाइनम ही जगातली सर्वांत सुंदर जागा आहे, उरलेलं आयुष्य आणि बळ ती पुन्हा उभी करण्यात घालवायचं आहे, असं त्यात होतं. आणि शेवटी, सगळ्यांत जास्त मला घरी जायचं आहे. सैन्यात राहून आलेल्या माणसाने हे लिहावं, याने मी दर वेळी हलते. देशासाठी घर दिलं, देशासाठी लढायलाही गेला, आणि परत यायला घर नव्हतं.

या काळात एक नवी गुंतागुंत आली. इतकी वर्षं खोऱ्यात रासायनिक खत पडलं नाही, कीटकनाशक फवारलं नाही, बंगले आणि पर्यटकांचे तंबूतळ उठले नाहीत. आजूबाजूची शेती बदलत गेली आणि इथे जुनी कुरणं, रानफुलं, फुलपाखरं टिकली. लुलवर्थ स्किपर हे लहानसं फुलपाखरू याच पट्ट्यातलं. २००१ मध्ये हा किनारा जागतिक वारसा यादीत गेला. त्यामुळे 'लष्कर आहे म्हणून निसर्ग वाचला' असं म्हणणारे निसर्गप्रेमीही उभे राहिले. त्यांचं निरीक्षण खरं आहे. पण टाइनमची माणसं हजारभर वर्षं तिथे राहिली आणि ती कुरणं त्यांच्या चराईनेच घडली होती, हे त्या बोलण्यात हरवतं. आपल्याकडे अभयारण्यातून उठवलेल्या गावांना हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

परतीची बोली तारखेसह, घरनिहाय आणि कुळाच्या नावाने कागदावर हवी होती, हे सगळ्यांत आधी. 'युद्ध संपल्यावर' ही तारीख होऊ शकत नाही. एक युद्ध संपतं आणि दुसऱ्याची तयारी सुरू होते, हे १९४७ मध्ये दिसलंच.

हे आज आपल्या कामाचं का आहे ते सांगते. आपला २०१३ चा भूसंपादन कायदा देशाच्या संरक्षणासाठी तातडीचं कलम ठेवतो. कलम ४० प्रमाणे नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांनी ताबा घेता येतो. टाइनमला तेहतीस मिळाले होते. मात्र त्याच कलमात ताब्याआधी अंदाजित मोबदल्याच्या ८० टक्के रक्कम देण्याची अट आहे. 'बाधित कुटुंब' कोण, याच्या व्याख्येत तीन वर्षांपासून तिथे काम करून त्या जमिनीवर पोट भरणारे शेतमजूर आणि कुळंही येतात. टाइनमच्या लोकांकडे नेमकं हेच नव्हतं. कलम १०१ न वापरलेली जमीन पाच वर्षांनी मूळ मालकाला किंवा सरकारी भूमी-बँकेकडे परत जाण्याबद्दल आहे. त्यातला 'किंवा' मी बैठकीत फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते. आणि सराव क्षेत्र तर सदैव 'वापरात' असतं, त्यामुळे या कलमाची वाट पाहत बसून भागणार नाही, हेही सांगते.

दुसरं, गावाने विखुरताना एकमेकांना धरून ठेवायला हवं होतं. इंबरच्या बाबतीत तिथल्या चर्चमध्ये वर्षातून एकदा प्रार्थना होते आणि तो हक्क टिकला म्हणून माणसं भेटत राहिली. टाइनमला अशी ठरावीक भेट सुरुवातीपासून असती, वर्षातून एक दिवस का होईना, आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला जाण्याचा हक्क म्हणून, तर पंचवीस वर्षं आवाज थांबला नसता. उपकार म्हणून मिळालेली भेट आणि हक्काची भेट यांत गावाच्या दृष्टीने फरक पडतो.

तिसरी गोष्ट जमीनदाराच्या बाजूची. १९४८ मध्ये इस्टेटीच्या वतीने जी काही बोलणी झाली, त्यांत कुळांचे प्रतिनिधी बसायला हवे होते. मालकाने मनापासून गावाचं भलं चिंतलं असेलही, पण ज्याची चूल जाते त्याने स्वतः बोलायला लागतं.

लष्कराच्या बाजूने, १९४५ ते १९४८ या तीन वर्षांत घरांची किमान डागडुजी करायला हवी होती. छप्पर गेलं की परत देण्यासारखं काही उरत नाही, आणि मग 'आता तिथे काय आहे?' हाच परत न देण्याचा आधार होतो. ही युक्ती मुद्दाम वापरली गेली असं मी म्हणत नाही. दुर्लक्षानेही तोच परिणाम झाला.

आज

शाळा आणि चर्च दुरुस्त करून जपले आहेत. शाळेच्या वर्गात बाकं मांडलेली आहेत, खुंट्यांवर मुलांची नावं आहेत. पोस्ट ऑफिसच्या ओळीतल्या घरांच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत, चुलीच्या जागा रिकाम्या. बहुतेक शनिवार-रविवारी गाव पाहायला लोक येतात. पिवळ्या खांबांनी आखलेली वाट सोडून पाऊल टाकू नये, गवतात न फुटलेले गोळे असू शकतात, अशा पाट्या आहेत. वॉरबॅरोच्या किनाऱ्यावर लहान मुलं पाण्यात खेळतात. संध्याकाळी फाटक बंद होतं आणि सरावाच्या दिवशी सकाळी डोंगरावर लाल बावटा चढतो.